शुक्रवारचा मटन स्ट्रीट आणि अब्बांचा कॅमेरा

मटन स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण चोर बाजारात जुना माल शोधायचा तर शुक्रवारीच जावं. पहाटे अंधारातच बंद शटरांसमोर चादरी पसरल्या जातात. चपला, घड्याळं, टेलिफोन, ड्रिल मशीन, सगळं जमिनीवर. ऊन वर आलं की चांगला माल गेलेला असतो. पनवेलहून पहाटेची लोकल धरून सँडहर्स्ट रोडला उतरलो, वाटेतल्या मशिदीत फजर पढलो आणि टॉर्चच्या उजेडामागे चालत राहिलो.

मला आगफा क्लिक थ्री हवा होता. चालणारा नव्हे, मोडका. वडोदऱ्यात बनणारा हा साधा कॅमेरा एकेकाळी पुष्कळ घरांत असे. अब्बांनी त्यातूनच मरहूम दादीचा फोटो काढला होता, हजला निघताना, बंदरावर. तेव्हा मुंबईहून जेद्दाहला जहाज जात असे. 1995 नंतर ते बंद झालं. दादी कधी फोटोला उभी राहत नसे. तिचा तेवढाच एक फोटो घरात आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर अब्बांनी कपाटातून कॅमेरा मागितला, तर शटर अडकलेलं.

चादरीवरच्या चाचांनी आठशे सांगितले. मागचं झाकण फुटलेलं दाखवलं, तेव्हा चारशेवर आले.
"शोभेला ठेवणार?"
"नाही चाचा, आतली स्प्रिंग हवीय."
ते हसले आणि एक रिकामी रीळ फुकट दिली. तिची किंमत मला नंतर कळली. 120 नंबरची फिल्म एका रिळावरून सुटते आणि दुसऱ्या रिकाम्या रिळावर गुंडाळली जाते; ती नसेल तर कॅमेरा असून नसल्यासारखा.

जुम्याच्या नमाजनंतर दस्तरखानावर पांढरा कपडा अंथरून बसलो. घड्याळजीचे बारीक पेचकस, कापसाच्या काड्या, थोडं पेट्रोल. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि तो स्क्रू चिकटपट्टीवर क्रमाने लावायचा. आतली यंत्रणा अगदी साधी: एक पातळ पत्रा आणि त्याला ओढणारी स्प्रिंग. आमच्याकडे कोणीतरी पूर्वी त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. (अम्मी म्हणते, अब्बांनीच.) तेलाचा चिकटा होऊन पत्रा चिकटला होता. शटरमध्ये तेल कधीच घालू नये, धूळ धरतं. पेट्रोलने पुसलं, गंजलेली स्प्रिंग बदलली. मग अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या आत छोटी बॅटरी पेटवून पाहिली. झाकणाच्या कडेने उजेड झिरपत होता, तिथे काळ्या लोकरीचा धागा बसवला.

एका रोलवर बारा फोटो निघतात. पहिला अब्बांनी काढला. अम्मी ओटीवर तांदूळ निवडत होती, पदर सावरून म्हणाली, "आता कशाला?" शटरचा टक् आवाज आला. अब्बांनी मागच्या लाल खिडकीत दोनचा आकडा येईपर्यंत सावकाश फिल्म फिरवली आणि कॅमेरा माझ्याकडे न देता स्वतःच्या मांडीवर ठेवला.