पगार कोण देतं?

अंकलची, म्हणजे माझ्या व्हायोलाच्या मास्तरांची, शिकवणी फुकट नव्हती. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाकीट दिलं की ते तिथल्या तिथे उघडायचे, बोट ओलं करून नोटा मोजायचे आणि कार्बन घातलेल्या पुस्तकातून पावती फाडून हातात ठेवायचे. आईला हे फार खटकायचं. गुरुदक्षिणा ही खाली मान घालून, सुपारीसकट द्यायची गोष्ट; हा गृहस्थ वाण्यासारखी सही करून पावती देतो! तरी ती चहा टाकायची आणि ते बशीत ओतून प्यायचे. सांगायचं एवढंच की शिकवणीचं माझ्याकडे काही देणं नाही, पावत्या शाबूत आहेत. देणं आहे ते एका वहीचं.

अंकल मूळचे बार्देशातले. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना अक्षरओळखीबरोबरच सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत. पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली ही मुलं मुंबई, कराची, कोलकाता, जिथे म्हणून नोटेशन वाचणारा माणूस हवा असेल तिथे पोचली. अंकल 1930 च्या दशकात कोलकात्याला आले. व्हायोलिनवाल्यांची इथे गर्दी होती, म्हणून त्यांनी व्हायोला धरला आणि जन्मभर त्याच्यावरच जगले.

आम्ही कोलकात्याचे मराठी, वडील रेल्वेत. जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचं मुख्य ठाणं गार्डन रीचला, त्यामुळे नागपूरकडची पुष्कळ कुटुंबं या शहरात रुजली. हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास हे आमचं गणपतीचं आणि नाटकांचं गाव. वडिलांना वाटायचं, मुलानं व्हायोलिन धरावं तर व्ही. जी. जोगांसारखं. जोग मराठीच, कोलकात्यात स्थायिक झालेले, आकाशवाणीतले. घरात त्यांचं नाव निघालं की वडील सरसावून बसायचे. माझे कान मात्र भलतीकडेच गेले होते. शेजारच्या अँग्लो-इंडियन कुटुंबाच्या ओळखीनं अंकल घरी आले आणि मला व्हायोला मिळाला. वडिलांनी वर्षभर त्याला 'ते मोठं व्हायोलिन'च म्हटलं.

कोलकात्याच्या पावसाळ्यात तंतुवाद्याचे हाल कुत्रा खात नाही. सरस सुटतो, खुंट्या एक तर घट्ट बसतात नाही तर सर्रकन फिरतात. अंकलच्या खिशात खडूचा तुकडा, राळेची वडी आणि मऊ शिशाची पेन्सिल कायम असायची. खुंटीला खडू, गजाला राळ आणि पेन्सिल नोटेशनवर खुणा करायला: गज कुठे खाली ओढायचा, कुठे वर. ऑर्केस्ट्रात दोन वादकांत एक स्टँड असतो, त्याला डेस्क म्हणतात. बाहेरच्या अंगाला बसलेला वाजवत राहतो, आतला पान उलटतो. पान उलटताना आतल्याचे दोन-तीन स्वर बुडतातच. अंकल आयुष्यभर आतले. पान कसं उलटायचं हे त्यांनी मला वाजवायला शिकवण्याच्या आधी शिकवलं: वरचा कोपरा आधीच किंचित दुमडून ठेवायचा, गज उजव्या हातातच धरून डाव्या हातानं उलटायचं, आणि आवाज होता कामा नये.

आता ती वही. काळ्या पुठ्ठ्याची, लांबट. ज्यांच्याकडे वाजवलं त्या प्रत्येकाची नोंद आणि समोर चार रकाने: पैसे कोण देतं, कधी देतं, आजारी पडलो तर काय, आणि काढू कोण शकतं. त्यांचा हात थरथरायला लागल्यावर ती सगळी मी उतरवून काढली, म्हणून मला ती जवळजवळ पाठ आहे.

पहिली पानं हॉटेलांची. पैसे मॅनेजर देणार, आठवड्याला, शिवाय रात्रीचं एक जेवण. आजारी पडलास तर बदली माणूस तुझ्या खर्चानं पाठवायचा. काढू कोण शकतं: मॅनेजर, आणि मॅनेजरच्या बायकोला गाणं आवडलं नाही तरी. एका मोठ्या हॉटेलानं त्यांचे तीन आठवड्यांचे पैसे बुडवले होते. तिथे त्यांनी फक्त लाल शाईनं एक रेघ मारून ठेवली होती. पुढे करमणूक कर वाढला, शहराची रया गेली आणि पार्क स्ट्रीटवरचे बँड एकामागून एक गप्प झाले.

मग टॉलीगंजचे सिनेमाचे स्टुडिओ. बी. एन. सरकारांनी 1931 साली काढलेल्या न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल, पंकज मल्लिक यांच्या हाताखाली वाजवणाऱ्यांना महिन्याचा पगार असे. ही गोष्ट अंकल अशा थाटात सांगत की जणू पेन्शनच. स्टुडिओंचे दिवस फिरल्यावर महिना गेला आणि पाळी आली: एवढ्या तासांचे एवढे, तेही वादक जमवणाऱ्याच्या हातून, त्याचा वाटा कापून.

रेडिओचं पान त्यांनी सगळ्यांत निगुतीनं लिहिलं होतं. कोलकाता केंद्र 1927 चं, आधी गार्स्टिन प्लेसला, मग ईडन गार्डन्ससमोरच्या आकाशवाणी भवनात. अंकल तिथे बोलावल्यापुरते जात. आधी कराराचा कागद, मग चेक. चेक उशिरा येई, पण येई. त्यांचे एक मित्र तिथे 'स्टाफ आर्टिस्ट' होते, म्हणजे रोज कामावर जाणारे, तरी नोकर नव्हेत. करारावर, आणि पगाराला 'फी' म्हणायचं. ऐंशीच्या दशकात या मंडळींना सरकारी नोकरीत सामावून घेतलं तेव्हा त्या मित्रानं पेढे वाटले. अंकलनी पेढा खाल्ला आणि त्याच संध्याकाळी वहीत तिसऱ्या रकान्यातली जुनी ओळ खोडून नवी लिहिली: पगारी रजा, औषधपाणी.

आणि सिम्फनी? फिलिप सांद्रे यांनी 1915 साली कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक काढलं, तेव्हापासून या शहरात सिम्फनी वाजवणारी माणसं कायम आहेत. वादक हौशी: डॉक्टर, चहाच्या कंपन्यांतले साहेब, पियानो शिकवणाऱ्या बाया. मी ज्या वृंदात वाजवू लागलो तिथेही तेच. फुंकीच्या वाद्यांसाठी पोलीस आणि लष्करी बँडमधली माणसं रोजावर आणायची, ओबोवाला नसला तर त्याच्या ओळी क्लॅरिनेटवर काढायच्या. वहीत या पानावर 'पैसे कोण देतं' पुढे लिहिलं होतं: आपण. 'काढू कोण शकतं' पुढे: कोणी नाही. आणि खाली बारीक अक्षरात: म्हणून तालमीला कोणी वेळेवर येत नाही.

एकाच नोंदीपुढे चारही रकाने कोरे होते. बेहालाच्या बारिशात ऑक्सफर्ड मिशनच्या वसतिगृहात फादर मॅथिसन गरीब घरच्या मुलांना व्हायोलिन आणि चेलो शिकवत. स्वतः चेलो वाजवणारे. त्यांच्या हाताखालून निघालेला अनुप कुमार बिस्वास चेलोवादक म्हणून लंडनला गेला आणि पुढे त्यानं फादरांच्याच नावानं कोलकात्यात संगीतशाळा काढली. या शहरातल्या तंतुवादकांची एक अख्खी पिढी त्या वसतिगृहाची देणेकरी आहे. पगार नाही, मालक नाही, काढण्याचा प्रश्न नाही. अंकलना असल्या हिशेबाबाहेरच्या कामाचा आदर होता, पण तो ते फारसा दाखवत नसत.

कॉलेज संपत आलं तेव्हा मी जाहीर केलं की आता पूर्ण वेळ संगीतच करणार. घरात रडारड. वडिलांनी अंकलना बोलावलं. त्यांना वाटलं, मास्तर पोराचीच बाजू घेणार. अंकलनी बाजू घेतलीच नाही कोणाची. वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "पुता, पयशे कोण दिता तें पयलीं विचार. यातलं कुठलं पान तुला हवं ते सांग, मी उद्या चिठ्ठी देतो." मी रात्रभर पानं उलटत बसलो. सकाळी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणला. त्यांनी मला परावृत्त केलं असं कोणी म्हटलं तर मला पटत नाही. बँकेत लागल्यानंतरच्या पहिल्या रोजाच्या कामाला, एका चर्चमधल्या नाताळच्या कार्यक्रमाला, त्यांनी मला आपल्या डेस्कवर घेतलं आणि स्वतःइतकंच मानधनाचं पाकीट मिळवून दिलं. हौशी म्हणून कमी घेऊ नकोस, म्हणाले, नाहीतर उद्या पोटासाठी वाजवणाऱ्याचा भाव पडतो. बँकेत पुढे कर्जाच्या फायली तपासताना मी हेच चार रकाने मनात मांडत आलो.

जगातल्या ऑर्केस्ट्रांची पानं वहीत मी घातली. मॅक्स म्युलर भवनाच्या ग्रंथालयात वाचून यायचं आणि शनिवारी अंकलना सांगायचं. बर्लिन फिलहार्मोनिकची गोष्ट त्यांना बेहद्द आवडली. 1882 साली बिल्झे नावाच्या बँडमालकानं वादकांना वॉर्साला चौथ्या वर्गाच्या डब्यातून न्यायचं ठरवलं. चोपन्न जण उठले आणि त्यांनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला. आमचं घर रेल्वेचं, त्यामुळे ही गोष्ट वडिलांनाही आवडली. तिथे वादक मतदान करून प्रमुख संचालक, म्हणजे कंडक्टर, निवडतात, नवा वादक आधी उमेदवारीवर येतो आणि मग सगळे मिळून त्याला घेतात किंवा नाकारतात. अंकलनी विचारलं, म्हणजे काढतो कोण? मी म्हटलं, शेजारी बसणाराच. त्यांनी मान हलवली. थोड्याच दिवसांत 1983 साली कारायान यांना झाबिना मायर ही क्लॅरिनेटवाली हवी होती आणि वादकांनी तिला घ्यायला नकार दिला, ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली.

अंकल गेल्यावरही वही मी चालू ठेवली. व्हिएन्ना फिलहार्मोनिक ही 1842 पासूनची वादकांची मंडळी. सभासदाची नोकरी व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात. फिलहार्मोनिक ही त्यांची स्वतःची संस्था, 1933 पासून त्यांनी कायमचा संचालकही ठेवलेला नाही. एवढी लोकशाही, पण आना लेल्केस वर्षानुवर्षं हार्प वाजवत बसली आणि बाई म्हणून सभासद व्हायला तिला 1997 उजाडलं. मालक नसला की अन्याय होत नाही अशी समजूत असलेल्यांनी हे पान जरूर वाचावं. उलट बाजूला अमेरिका: देणगीदारांचं विश्वस्त मंडळ वर, वादकांची युनियन खाली, मध्ये करार. मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनानं ऑक्टोबर 2012 मध्ये टाळेबंदी केली, ती जानेवारी 2014 मध्ये उठली. तागाच्या गिरण्यांच्या शहरात राहणाऱ्याला टाळेबंदी शिकवावी लागत नाही. फक्त व्हायोलावाल्यांच्या दारालाही असं कुलूप लागू शकतं हे नवीन.

मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये 2006 साली खुश्रू संतूक आणि कझाक व्हायोलिनवादक मराट बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. देशातला पहिला पूर्ण पगारी सिम्फनी ऑर्केस्ट्रा. बरेच वादक कझाकस्तानकडून आलेले, भारतीय थोडे. यावर नाकं मुरडणारे खूप भेटतात. मी मुरडत नाही. शिकवणारी माणसं पगारावर येऊन राहिली तरच शिकणारी तयार होतात, आणि चर्चच्या शाळा आता तशा उरलेल्या नाहीत.

एका नोंदीवर मात्र अंकलचं आणि माझं शेवटपर्यंत जमलं नाही. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. हेन्री वुडनं बदली माणूस पाठवण्याची पद्धत बंद केली म्हणून 1904 साली वादक बाहेर पडले आणि त्यांनी तो काढला. यावर अंकल मनमुराद हसले, कारण हॉटेलात जास्त पैसे मिळाले की सिनेमाच्या पाळीवर बदली माणूस त्यांनीही पाठवला होता. पण माझं म्हणणं वेगळं होतं. तिथे वादकच भागधारक, वादकच संचालक मंडळावर. याहून चांगला मालक कोणता? त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. मला लिहावंच लागलं: पगार नाही, वाजवलं तर पैसे. "मग हॉटेलात आणि यात फरक काय?" मी म्हटलं, इथे मॅनेजरची बायको नाही. त्यांना रेडिओच बरा वाटायचा, उशिराचा चेक आणि पगारी रजा. मला आजही लंडनच बरं वाटतं. त्या पानावर माझ्या शाईत 'उत्तम' लिहिलेलं आहे आणि शेजारी त्यांच्या पेन्सिलीत, थरथरत्या अक्षरात, 'आजारी पडू नये.'