खिडकीचा भाव



लेहला पोस्टिंग होती तेव्हाची गोष्ट. उंची साधारण ११,५०० फूट. हिवाळ्याआधी आमच्या बराकीच्या दोन खिडक्यांना दुहेरी काच बसवायची होती आणि माप घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी टेप फक्त वरच्या बाजूला लावला. जुनी चौकट खाली अर्धा इंच आत आली होती, ते पाहिलंच नाही.

काच आली ती टफन्ड. भट्टीत तापवून कडक केलेली ही काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलं की चुरा होतो. म्हणजे ती वाया. नवी मागवायची तर रस्ता बंद व्हायचे दिवस जवळ आलेले. दुसऱ्या खिडकीची काच मापात होती, पण तिला पोट सुटलं होतं. खाली मैदानात दोन काचांमध्ये कोंडलेली हवा वर येताच फुगली होती. चढताना वेफर्सची पाकिटं फुगतात ना, तशीच. तिथला मिस्त्री म्हणाला, "साहेब, ऑर्डर देताना उंची सांगायची असते. मग हवेचा दाब सारखा करायला बारीक नळी ठेवतात."

तो हिवाळा आमच्या एका खिडकीने प्लॅस्टिक आणि कांबळ्यावर काढला. पोरं मला काही बोलली नाहीत. पण रोज रात्री खिडकीजवळच्या खाटा आत सरकवल्याचा आवाज यायचा आणि तो मला बरोबर कळायचा.

पुढच्या मे महिन्यात सुट्टीवर घरी आलो. गाव पाटण तालुक्यातलं, पाऊस कसा असतो ते सातारकरांना सांगायला नको. आई म्हणाली, "औंदा खिडक्यांचं बघ रं. गेल्या पावसात अंथरूण भिजलं." पश्चिमेच्या भिंतीला ४ बाय ४ फुटांच्या तीन खिडक्या. वडिलांनी घर बांधताना बसवलेल्या सागवानी चौकटी.

मी दोन ठिकाणी भाव काढला. एक ४५० रुपये चौरस फूट, दुसरा ६५०. एकूण ४८ चौरस फूट, म्हणजे २१,६०० आणि ३१,२००. वर १८ टक्के जीएसटी. लेहची आठवण ताजी होती, म्हणून सही करण्याआधी विचारत बसलो. अ‍ॅल्युमिनियमची जाडी किती? काच ४ मिलीमीटर की ५? जाळी धरली आहे का? जुनी चौकट कोण काढणार, फुटलेला गिलावा कोण भरणार, रंग कोण देणार? स्वस्त भावात यातलं शेवटचं काहीच नव्हतं. ते सगळं धरलं, तर दोन्ही भाव जवळजवळ एकाच जागी येत होते.

मग गावातल्या सुतारतात्यांना बोलावलं. त्यांनी हातोडीच्या दांड्याने तिन्ही चौकटी ठोकून पाहिल्या. दोन खणखणीत. तिसरीचा फक्त खालचा भाग वाळवीने खाल्लेला. मग ते बाहेर जाऊन वर बघत उभे राहिले.

"मेजर, पाणी खिडकीतनं येत न्हाई. छज्ज्याखालनं वघळून येतंय. त्याला खाच न्हाई, अन् खालचा कट्टा आत उतरता हाय. सोन्याची खिडकी बसवा, पाणी येणारच."

आईचंही एक म्हणणं होतं. स्लायडिंगची खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. "मला पुरी उघडी लागते. एष्टी थांबली की कोण उतरलं ते दिसतंय." मी गप्प झालो. उतरणारा कोण असतो, ते मला माहीत होतं.

शेवटी तात्यांनी तिसऱ्या चौकटीचा खालचा भाग कापून नवं सागवान जोडलं, झडपा रंधून बिजागऱ्या बदलल्या. गवंड्याने छज्ज्याला पाणी तोडणारी खाच मारली आणि कट्ट्याला बाहेर उतार दिला. सगळे मिळून १४,५०० रुपये.

अ‍ॅल्युमिनियम वाईट असं माझं म्हणणं नाही. तिन्ही चौकटी खाल्लेल्या असत्या, तर मी तेच घेतलं असतं. पण पेन्शनचा किंवा फंडाचा पैसा घरात घालणाऱ्या माझ्या फौजी भावांना एवढंच सांगतो: चौरस फुटाचा भाव सगळ्यात शेवटी विचारा. आधी चौकट ठोकून बघा, पाणी कुठून येतंय ते बघा, माप वर, मध्ये आणि खाली असं तीनदा घ्या आणि त्या खिडकीशी रोज कोण बसतं, त्याला विचारा.

जुलैत आईचा फोन आला. म्हणाली, "अंथरूण कोरडं हाय. तू कधी येतोस?"

जय हिंद.