व्हिक्तोर काताला

स्पेन देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठी कॅटलोनिया नावाचा प्रांत आहे. तेथील लोकांची भाषा स्पॅनिशहून निराळी असून तिला कातालान म्हणतात. या प्रांतातील लेस्काला या कोळ्यांच्या गावी ११ सप्टेंबर १८६९ रोजी, एका जमीनदाराच्या घरी कातेरिना आल्बेर्त हिचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण तिला बेताचेच मिळाले. परंतु वाचन, चित्रकला आणि लेखन यांचा व्यासंग तिने स्वतःच्या बळावर वाढविला.

१८९८ साली ओलोत या गावी साहित्यस्पर्धा भरली. अशा स्पर्धांत लेखकाचे नाव परीक्षकांपासून गुप्त ठेवीत असत. कातेरिनाने एक नाट्यस्वगत पाठविले. बापाच्या धाकाने भांबावलेल्या एका गिरणीवाल्याच्या मुलीच्या हातून तिच्याच तान्ह्या बाळाचा घात होतो. त्या अभागिनीचे ते मनोगत होते. परीक्षकांनी त्यास पारितोषिक दिले. पण ते एका अविवाहित तरुणीने लिहिले आहे असे कळताच मोठा गहजब उडाला. स्त्रीने असल्या विषयास हात घालावा, हे लोकांना रुचेना. लेखनातील एक अक्षरही बदलले नव्हते. कळले होते ते केवळ लेखिकेचे नाव!

कातेरिनाने लेखन सोडले नाही व विषयही बदलले नाहीत. तिने बदलले ते नाव. आपल्याच एका अपुऱ्या कादंबरीच्या नायकाचे 'व्हिक्तोर काताला' हे नाव तिने धारण केले. त्या नावाने १९०२ साली तिच्या ग्रामीण कथांचा संग्रह निघाला. पुढे हा लेखक म्हणजे एक स्त्री आहे हे उघडकीस आले, तरी तिने ते नाव जन्मभर टाकले नाही.

'सोलितूद', म्हणजे एकाकीपणा, ही तिची कादंबरी १९०५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नवविवाहित मिला आपल्या आळशी पतीबरोबर डोंगरावरील एका देवस्थानाची राखण करावयास जाते. तेथे एक प्रेमळ मेंढपाळ तेवढा तिला आधार देतो; पण तोही मरण पावतो. अनेक आघात सोसल्यावर मिला पतीला सोडून एकटीच डोंगर उतरू लागते. कादंबरी येथेच संपते. मिलाचे पुढे काय झाले, हे लेखिका सांगत नाही. तिने स्वतःची वाट स्वतः निवडली, हेच लेखिकेला सांगावयाचे आहे.

१९१७ साली बार्सेलोना येथील साहित्यस्पर्धेचे अध्यक्षपद तिला लाभले. नावावरून एकदा जिच्यावर गहजब झाला, तीच आता त्या परंपरेच्या अग्रस्थानी बसली. १९३९ नंतर फ्रँकोच्या राजवटीत कातालान ग्रंथांच्या प्रकाशनावर कडक निर्बंध आले. तथापि १९४६ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, तिने त्याच भाषेत आपल्या घरातील साध्यासुध्या गोष्टींवर एक पुस्तक प्रसिद्ध केले.

२७ जानेवारी १९६६ रोजी लेस्काला येथेच तिचा अंत झाला. नाव तिने उसने घेतले होते. पण त्या नावामागून बोलत होता तो अखेरपर्यंत तिचाच आवाज.