आशागडच्या वाटेवरून

डहाणू रोड स्थानकावर उतरून पूर्वेची वाट धरली, की चिकूच्या वाड्या हळूहळू मागे पडतात, समुद्रावरचा खारा वारा ओसरतो आणि आशागड हे गाव लागते. त्याच वाटेने पुढे गेले म्हणजे गंजाड येते. दोन्ही बाजूंस भाताची खाचरे, मधूनमधून ताडाची उंच झाडे, आणि टेकड्यांच्या कुशीत विखुरलेले वारल्यांचे पाडे. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यांवर शेणामातीचा गिलावा, वर उतरते छप्पर. अशा या मुलखाकडे पाहून एखाद्या परक्या माणसाने विचारले, की येथे नाव घेण्याजोगी कोणती माणसे होऊन गेली, तर त्याला काय उत्तर द्यावे?

पुष्कळ गावे आपल्या थोर पुत्रांची नावे अभिमानाने सांगतात. दूर युरोपात क्रोएशिया नावाचा एक चिमुकला देश आहे. तेथील गॉस्पिच या नगराजवळच्या स्मिल्यान खेड्यात १८५६ साली निकोला टेस्ला हा विजेच्या शास्त्रातील महान संशोधक जन्मास आला. त्याची कीर्ती झाली ती मात्र सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेत. जन्मगाव सोडून गेलेल्या सुपुत्राचे कौतुक सर्वत्रच होते. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांची गोष्ट मात्र उलटी आहे. येथली बरीच मोठी माणसे बाहेरून येथे आली, येथलीच होऊन गेली. आणि येथल्या मातीत जन्मलेला जो सर्वांत प्रसिद्ध पुरुष, तो आपले घर सोडून कोठे राहावयास गेलाच नाही.

या कथेत १९४५ हे वर्ष फार महत्त्वाचे आहे. तोवर या भागातील वारली नावाला स्वतंत्र होता, एवढेच. जमिनी सावकारांच्या व जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. मालकाने हाक मारली, की आपल्या शेतातले काम टाकून त्याच्या शेतावर विनामोबदला राबावयाचे, याला वेठ म्हणत. त्याहूनही वाईट प्रथा होती ती लग्नगड्याची. तरुण वारल्याने लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे काढले, की ते फिटेपर्यंत त्याने व त्याच्या नवपरिणीत पत्नीने सावकाराच्या घरी राबावे, असा करार असे. पैसे मोजणारा सावकार, हिशेब लिहिणाराही सावकारच; मग ते कर्ज फिटावे कसे? अक्षरशत्रू माणसाला आपण किती फेडले आणि किती राहिले, हेही कळत नसे. उभा जन्म सरे, पण कर्ज सरत नसे.

या माणसांत गोदावरी परुळेकर आल्या. पुण्याच्या सुशिक्षित गोखले घराण्यात त्या वाढल्या होत्या. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या महिला म्हणून त्यांचे नाव सांगतात. नामदार गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्याही त्या पहिल्या महिला आजीव सदस्या. वकिलीत त्यांना पैसा आणि मान दोन्ही मिळाले असते. परंतु त्यांनी व त्यांचे पती शामराव परुळेकर यांनी शेतकऱ्यांच्या संघटनेला वाहून घेतले. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली, तेव्हा उंबरगाव तालुक्यातून काही वारली तेथे आले आणि त्यांनी आपली दैना सांगितली. ती ऐकून गोदावरीबाई या रानात शिरल्या, पाड्यापाड्यांतून हिंडल्या, वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या. वारली त्यांना पाहून बुजत. शहरातून आलेला पांढरपेशा माणूस म्हणजे काही तरी मागावयास किंवा हिरावून घ्यावयासच आलेला, हा त्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव होता. आणि तो काही खोटा नव्हता.

मे महिन्यात झरी या गावी हजारो वारली जमले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज ते तलासरी तालुक्यात आहे. वेठ करावयाची नाही आणि दिवसाला बारा आण्यांपेक्षा कमी मजुरीवर मालकाच्या जमिनीत राबावयाचे नाही, असे तेथे ठरले. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया! आजच्या मुलांना ही रक्कम हास्यास्पद वाटेल. पण ज्याने मालकासमोर कधी मान वर केली नव्हती, त्याने आपल्या घामाचे मोल स्वतःच्या तोंडाने सांगावे, हे लहानसहान धैर्य नव्हे. वेठ व लग्नगडी या प्रथा पाहता पाहता मोडल्या.

या धैर्याची किंमतही द्यावी लागली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी वार्ता रानोरान पसरली. त्यांच्या रक्षणासाठी तलवाडा येथे वारल्यांचा प्रचंड जमाव गोळा झाला. त्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाच जण प्राणास मुकले. जिला वर्षभरापूर्वी कोणी ओळखतही नव्हते, अशा एका परक्या स्त्रीसाठी ही माणसे रात्रभर उघड्यावर उभी राहिली होती. पुढे त्यांनी या लढ्याचा वृत्तान्त ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. हजारो लोक ज्यांना प्रेमाने गोदूताई म्हणत, त्या गोदावरीबाई १९९६ मध्ये निवर्तल्या.

तलवाड्याच्या गोळीबाराला तीन महिनेही झाले नव्हते, तोच डिसेंबर महिन्यात दुसऱ्या दोन स्त्रिया याच परिसरात समुद्रकाठच्या बोर्डी गावी कामाला लागल्या. यांच्या हाती झेंडा नव्हता, लढ्याची भाषा नव्हती. त्यांना हवी होती तीन ते सहा वर्षांची मुले.

त्यांतील ज्येष्ठ ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे धडे गिरविले होते, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला होता आणि मुंबईत दादरला १९३६ साली शिशुविहार चालू केले होते. इटलीच्या मॉन्टेसरीबाईंची पद्धत त्यांना मनापासून पटली होती. पण त्या पद्धतीची साधने महाग. गरिबाच्या मुलाला ती कोठून मिळणार, ही टोचणी त्यांना लागून राहिली होती. त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान असलेल्या सहकारी म्हणजे अनुताई वाघ. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढले सारे आयुष्य घराच्या एका कोपऱ्यात जावयाचे. अनुताईंनी तो कोपरा नाकारला. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षे त्यांनी शिकविले, आणि बी. ए. ची पदवी तर त्यांनी १९६१ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर मिळविली.

बोर्डीला बालवाडी उघडली, तरी मुले आपण होऊन येतात थोडीच! ती लपून बसत, पळून जात. तेव्हा या दोघींनी शाळाच मुलांच्या दारी नेली. पाड्यातील एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यावे, आजूबाजूची पोरे गोळा करावी, त्यांचे हातपाय धुवावे, केस विंचरावे, मग गाणी आणि गोष्टी. ही झाली अंगणवाडी. शिकविण्याची साधने म्हणजे शंखशिंपले, बिया, खडे, पाने, फुले. मोजावयाला चिंचोके असले, की विलायती मणी कशाला हवेत?

१९५६ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे एक नवीच अडचण उभी राहिली. जरा मोठी मुले गुरे राखावयास जात आणि गुरे काही सुट्टी देत नाहीत. कोणी म्हणाले असते, आईबापांना दंड करा. ताराबाई व अनुताई यांनी निराळाच उपाय काढला. गुरे जेथे चरतात त्या कुरणातच शिक्षक जाऊन बसू लागले. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली अक्षरे गिरवीत आहेत, मध्येच एखादे वासरू दुसऱ्याच्या शेताकडे वळले म्हणजे एखादा विद्यार्थी पाटी ठेवून धावत आहे, अशी ही कुरणशाळा! हिला भिंती नव्हत्या, घंटाही नव्हती. मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकलेल्या पंडितांना जे सुचले नाही, ते या दोघींना सुचले. कारण मुले का येत नाहीत, हे त्यांनी आधी मुलांकडूनच समजून घेतले होते.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताई मात्र १९९२ पर्यंत त्या टेकडीवरच्या कामाशी बांधलेल्या राहिल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने लहान मुलांच्या पोषणाची व संगोपनाची एकात्मिक बालविकास योजना चालू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव पडले. आज देशातील खेड्याखेड्यांत ते नाव पाटीवर दिसते. ज्या अंगणांतून ते निघाले, ती अंगणे या समुद्रकाठच्या पाड्यांतली.

आता त्या घरच्या माणसाकडे वळू. १९४५ साली, झरीची सभा भरली आणि बोर्डीची बालवाडी उघडली तेव्हा, तलासरी तालुक्यातील धामणगावात जन्मलेला एक वारली मुलगा दहाअकरा वर्षांचा होता. म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाचा. त्याचे नाव जिव्या सोमा मशे. लहानपणीच त्याची आई वारली. त्या दुःखाने त्याची वाचाच बसली. कोणाशी बोलेना. काही सांगावयाचे असले, की तो धुळीत बसे आणि बोटाने चित्र काढून दाखवी.

वारल्यांच्या घरांत चित्रे काही नवी नव्हती. लग्नकार्यात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने चौक काढण्याचा त्यांचा जुना रिवाज आहे. हे काम सुवासिनींचे. त्या चौकात पालघट देवी विराजमान होते. वर्तुळ, त्रिकोण आणि रेघा एवढीच काय ती सामग्री. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले, की माणसाचे धड झाले. वर वाटोळे डोके, बाजूंना काडीसारखे हातपाय. कार्य आटोपले, की पुढल्या सारवणात चित्र पुसून जाई, आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नसे.

जिव्या मोठा झाला, बोलूही लागला. गंजाडजवळच्या पाड्यात त्याने संसार थाटला. पण चित्र काढण्याचा नाद सुटला नाही. लग्न नसो वा सण नसो, तो रोज काढी. आणि पुरुषाने बायकांचे काम करावे, याची त्याने लाज बाळगली नाही. १९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारली चित्रांच्या शोधात या भागात आले. त्यांनी चित्रे काढणाऱ्यांना कागद दिले. जिव्यांच्या हाती कागद आला आणि भिंतीवरचे रान त्यावर उतरले: तारपा वाजविणाऱ्याभोवती वेटोळे घालून नाचणारी माणसे, मुंग्यांची वारुळे, भाताची मळणी, आणि सारा कागद व्यापणारे मासे पकडण्याचे जाळे. त्या जाळ्याच्या बारीक रेघा पाहताना ते पाण्यात हलत असल्याचा भास होतो.

१९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरात रिचर्ड लाँग या विख्यात इंग्रज कलावंताच्या कृतींबरोबर ती लोकांनी पाहिली. २०११ मध्ये पद्मश्री आली. प्रत्येक वेळी जिव्या परत आले ते आपल्या पाड्यावर, आपल्या शेताकडे. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले आणि शासकीय इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला. त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार झाले. आज आशागड-गंजाडच्या पाड्यापाड्यांत तरुण मुलगे व मुली मांडीवर कागद घेऊन बांबूच्या बारीक काडीने चित्रे काढतात आणि ती मुंबईच्या बाजारात जातात. लग्नसराई आली, की मात्र कागद बाजूला राहतो. घरच्या बायका तांदूळ वाटावयास घेतात आणि भिंतीवर पुन्हा चौक उमटू लागतो.