लाभ, दोन, तीन

रेणापूरच्या आमच्या वाड्यात सख्खी-चुलत धरून आम्ही नऊ भावंडं. ‘कितीनं जास्त’ आणि ‘किती पट’ यांतला भेद आम्हाला शाळेच्या आधी ओसरीवर कळला.

सुगी झाली की आजी ज्वारी मापायला बसायची. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. मधेच हात थांबवून विचारायची, “धाकल्याच्या वाट्याला चार पायल्या, थोरल्याच्या बारा. कितीनं जास्त?”

“आठ!” सगळे एका सुरात.

“आन् किती पट?”

इथं सूर फुटायचा. कुणी आठपट म्हणे, कुणी खाली बघे. आजी बोलायची नाही. बाराच्या राशीतून चार-चार पायल्यांचे ढीग पाडायची. ढीग आम्ही मोजायचे. पुढं सगळी दुपटीची उतरंड: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधुली, दोन अधुल्यांची पायली. पायलीत चिपटी सोळा, हे आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन.

आजोबांचा जीव नाण्यांत. निजामाचं राज्य 1948 ला गेलं, पण त्याचा हाली रुपया त्यांच्या डोक्यातून गेला नाही. सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार. “बेचाळीस हालीचा बैल कलदारात कितीला?” छत्तीस म्हटलं की हातावर गूळ-शेंगदाणे. दिडकी, औटकीचे पाढे तोंडपाठ असलेल्या या माणसाला 1957 च्या नव्या पैशांनी मात्र छळलं. आणा सव्वासहा पैशांचा, आणि पाव पैसा आणायचा कुठून? सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा पैसे, तीन आण्यांचे एकोणीस. आमच्यातल्या एका पठ्ठ्यानं तीन आण्यांची खारीक एकेका आण्यानं तीनदा आणली आणि पैसा वाचवला. आजोबा दिवसभर हसत होते.

मग किलो आला. दादा आजीला समजावायला बसले, पायली म्हणजे इतके किलो. आजीनं ऐकून घेतलं. एक पायली ज्वारी मापली, एक पायली करडई, आणि दोन्ही तराजूत घालायला लावली. ज्वारीचं पारडं खाली गेलं.

“आता सांग, कंच्या पायलीचे किलो?”

दादांनी मुकाट्यानं तराजू उचलून ठेवला.

आजीच्या मापांतलं मापटं आता लातूरला बहिणीच्या तांदळाच्या डब्यात असतं. परवा तिच्या नातीनं विचारलं, “आज्जी, यात किती ग्रॅम मावतात?”

बहीण म्हणाली, “कशाचे?”