आधी पुसावे, मग पुसावे

सीमाभागातील मराठी माणसाची भाषा कचेरीत अडते, शाळेत अडते, पाट्यांवर अडते, याविषयी मी आजवर पुष्कळ लिहिले. ती घरातल्या गालिच्यापाशीही अडू शकते, हे मला गेल्या वर्षी कळले. त्या खेपेस दोष राज्याचा नव्हता, सरकारचा नव्हता. तो माझाच होता.

आमच्या बीदरच्या घरी एक लोकरीचा गालिचा आहे. सहा फूट रुंद, नऊ फूट लांब. मधला भाग डाळिंबी, काठ सायीच्या रंगाचा. वडिलांनी तो निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात वरंगळहून आणला. वरंगळ आणि बीदर तेव्हा एकाच हैदराबाद संस्थानात होते, आणि वरंगळच्या गालिच्यांची ख्याती १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनापर्यंत पोचलेली होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सोयरे सीमेपलीकडचे झाले, परंतु आमच्या घरातली प्रत्येक सोयरीक याच गालिच्यावर बसून ठरली.

धाकट्या मुलीच्या साखरपुड्याला उदगीरची मंडळी येणार होती. गालिचा मळला होता. जाहिरात पाहून मी एका सफाई करणाऱ्या सेवेला दूरध्वनी केला. गालिचा न पाहताच त्यांनी दर सांगितला आणि तो स्वस्त वाटल्यामुळे मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी दोन तरुण यंत्र घेऊन आले. मी म्हणालो, “स्वच्छ धुऊन द्या.” त्यांनी काही विचारले नाही; मीही अधिक काही सांगितले नाही. गरम पाणी, फेस, फिरता ब्रश, आणि तासाभरात काम संपले. संध्याकाळपर्यंत डाळिंबी रंग सायीच्या काठात उतरला होता. पावती वाचायला घेतली तेव्हा तीवर बारीक इंग्रजीत छापलेले दिसले, की रंग गेल्यास किंवा वीण आकसल्यास जबाबदारी आमची नाही. त्याखाली माझी सही होती, न वाचता केलेली.

साखरपुड्याच्या दिवशी सौभाग्यवतींनी त्या काठावर सतरंजी अंथरली. विहीणबाईंनी सतरंजीचा कोपरा हळूच उचलून पाहिला आणि तसाच पुन्हा ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र राहून राहून वाटत राहिले, की शब्दांवर लेख लिहिणाऱ्या माणसाने एका शब्दाच्या ढिलाईने वडिलांची वस्तू घालवली.

तो शब्द म्हणजे ‘धुणे’. मराठीत स्वच्छतेची क्रियापदे थोडी नाहीत. झटकणे, झाडणे, बडवणे, पुसणे, घासणे, विसळणे, खळबळणे, पिळणे. प्रत्येकाची वस्तू वेगळी, प्रत्येकाचा जोर वेगळा. आमच्या शेजारच्या कन्नडातही कपडे धुण्याला ‘ओगे’ आणि हातपाय, भांडी धुण्याला ‘तोळे’ अशी दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. माझ्या आजीने गालिचा ‘धुवा’ असे कधीच म्हटले नसते. ती म्हणे, “उलटा टाकून बडवा, मग ओल्या फडक्याने पुसा.” त्या एका वाक्यात अर्धे शास्त्र होते. गालिच्याचा खरा शत्रू डाग नव्हे, तळाशी रुतलेली बारीक वाळू. ती प्रत्येक पावलाबरोबर लोकरीचे तंतू कापत राहते. ती न काढता पाणी ओतले की तिचा चिखल होतो.

वस्तूंच्या नावांतही असाच बारकावा आहे. ‘गालिचा’ फारसीतून आला. बागेचा जसा बगीचा, तसा ‘गाली’चा, म्हणजे मोठ्या बिछायतीचा, लहान प्रकार तो गालिचा. ‘सतरंजी’मागे शतरंज आहे, तिच्या चौकटीच्या विणीमुळे, आणि शतरंजामागे आपलेच संस्कृत ‘चतुरंग’. कन्नडात गालिच्याला ‘रत्नगंबळी’ म्हणतात, म्हणजे रत्नांची कांबळी. त्यातला कंबळ आपल्या कांबळ्याचा सख्खा भाऊ. अंथरणे या अर्थाच्या अरबी ‘फर्श’वरून बिछायत अंथरणारा तो ‘फरास’, आणि त्याचे सामान ठेवायचे ते ‘फरासखाना’. पुण्यातल्या एका पोलीस चौकीने ते नाव अजून जपले आहे. त्याच ‘फर्श’ची मुलगी म्हणजे आपली ‘फरशी’. कलबुरगी जिल्ह्यातल्या शहाबादची फरशी महाराष्ट्रात घरोघरी पोचली, तेव्हा तिच्याबरोबर हा शब्दही सीमा ओलांडून गेला. नावांचा हा पसारा सांगण्याचे कारण एवढेच, की सतरंजी सुताची, कांबळे लोकरीचे आणि गालिचा गाठींचा. तिघांना एकच पाणी चालत नाही. नाव चुकले की उपचार चुकतो.

पुढे कलबुरगीच्या एका स्नेह्यांनी तिथल्या वृद्ध कारागिराचे नाव सुचवले. प्रार्थनास्थळांच्या बिछायती धुण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. या खेपेस मी आधी त्यांचे काम पाहिले. ज्यांच्या घरचे गालिचे त्यांनी धुतले होते अशा दोन घरी जाऊन चौकशी केली. मग गालिचा गुंडाळून, २०१७ साली सुरू झालेल्या बीदर–कलबुरगी रेल्वेने, मी तो त्यांच्याकडे नेला.

त्यांनी दर सांगितला नाही. गालिचा उलटा केला, पाठीवरच्या गाठींवरून बोट फिरवले, झालर शिवलेली आहे की विणीच्याच धाग्यांची आहे ते पाहिले. एक सुटा धागा काढून जाळला आणि वास घेतला. जळक्या केसांसारखा वास आला तर लोकर, जळक्या कागदासारखा आला तर सूत. धागा वितळून त्याचा कडक मणी झाला तर तो कृत्रिम. मग पांढरे फडके भिजवून कोपऱ्यावर दाबून धरले. फडक्यावर डाळिंबी छटा उतरली. तेव्हा कुठे त्यांनी मान वर करून त्यांच्या दख्खनीत विचारले, “मास्टर साब, इसकू झाडना है, पोछना है, या धोना है?”

मला जो प्रश्न हवा होता तो हाच. मराठीत ‘पुसणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक फडक्याने पुसणे. दुसरा विचारणे, जो संस्कृत ‘पृच्छ्’पासून आला आणि आमच्या खेड्यांत अजून बोलला जातो. मुळे वेगळी, रूप एक. चांगल्या सफाई कारागिराची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही. तो आधी पुसतो, आणि मग पुसतो.

मी म्हणालो, “चाचा, तुम्हीच सांगा.” त्यांनी सांगितले. आधी पाठीकडून बडवून वाळू काढायची. मग थंड पाणी आणि अगदी सौम्य साबण. एकेक भाग घ्यायचा, पाणी साचू द्यायचे नाही. कडक क्षार, गरम पाणी आणि विरंजक यांना लोकरीपाशी फिरकू द्यायचे नाही. विरंजकात तर लोकर अक्षरशः विरघळते. वाळवायचे सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असे. आणि शेवटी म्हणाले, पसरलेला रंग थोडा कमी होईल, पूर्ण जाणार नाही. जो आपल्याला काय जमणार नाही ते आधी सांगतो, त्याच्या बाकीच्या शब्दांना वजन येते.

मी पावती मागितली. वस्तूचे वर्णन, आधीचा डाग, करायचे काम, दर आणि परतीची तारीख मी मराठीत लिहिली, त्यांनी उर्दूत सही केली, आणि हिशेब ठेवणाऱ्या त्यांच्या मुलाने खाली कन्नडात रक्कम लिहिली. एका कागदावर तीन लिप्या होत्या, आणि तिघांनाही तो कागद कळत होता.

पंधरा दिवसांनी गालिचा आला. काठावर फिकट गुलाबी छाया आजही आहे. बाकी रंग मला लहानपणी आठवतात तसे.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना माझे सांगणे थोडके आहे. वस्तू न पाहता दर सांगणाऱ्याला होकार देऊ नये. कोपऱ्यावर रंगाची परीक्षा आपल्यासमोर करवून घ्यावी. गालिच्याच्या पाठीवर चिकटवलेले कापड असेल तर तसे आधी सांगावे, कारण पाण्याने त्याचा डिंक सुटतो. कळत नसलेल्या भाषेतल्या कागदावर सही करू नये. आपल्या भाषेत दोन ओळी लिहून त्यावर समोरच्याची सही घ्यावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सेवेत त्रुटी राहिली तर आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. मी तक्रार केली नाही; सहीच्या लाजेने गप्प राहिलो. तुम्ही राहू नये.

बीदरमध्ये हे वेगळे समजावून सांगायची गरज पडू नये. बिदरी सुरईचा काळा रंग किल्ल्याच्या मातीने चढतो, आणि खसखसून घासले तर उतरतो, हे इथल्या पोराला ठाऊक असते. इथून जवळच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात मडिवाळ माचिदेव शरणांची वस्त्रे धूत. कन्नडात ‘मडि’ म्हणजे धुतलेले, शुद्ध; आपल्या सोवळ्याच्या जवळचे. धुणाऱ्याच्या हाती माणूस अंगावरचे वस्त्र देतो, हा लहान विश्वास नव्हे, हे त्या काळच्या कल्याणाने ओळखले होते.

‘भरवसा’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे. कन्नडात तो ‘भरवसे’ होतो, आणि तिथे भरवसे देतात. मराठीत आपण भरवसा ठेवतो. देणारा आणि ठेवणारा यांच्यामध्ये जी जागा उरते ती विचारलेल्या प्रश्नांनी आणि लिहिलेल्या शब्दांनी भरावी लागते. ती मी एकदा रिकामी सोडली. त्याची खूण बैठकीच्या काठावर आहे, आणि आता मी तिच्यावर सतरंजी टाकत नाही.