टाका तुमच्या मनानं

जालन्याचा बायोडाटा जन्माला येतो झेरॉक्सच्या दुकानात. मंठ्याहून, घनसावंगीहून, जाफराबादहून सकाळच्या एसटीनं आलेला पोरगा काउंटरपाशी उभा राहतो. दुकानदार आधीच्या कुणाची तरी फाइल उघडून नाव बदलतो आणि विचारतो, "पुढं काय टाकू?" पोरगा म्हणतो, "टाका तुमच्या मनानं."

म्हणून सगळ्या बायोडाट्यांचा तोंडवळा सारखाच. उजव्या कोपऱ्यात स्टेपल केलेला पासपोर्ट फोटो, अंगावर प्लास्टिकची पारदर्शक फाइल. तळाशी वरील माहिती खरी असल्याची इंग्रजीतली हमी. तारखेची जागा मात्र कोरी, कारण त्याच पानाच्या झेरॉक्स पुढं महिनाभर गेटोगेटी द्यायच्या असतात. कधी त्या हमीखाली आधीच्या पोराचंच नाव राहून जातं. कंपनीतल्या साहेबाची नजर तिथं गेली की पुढं कुणी वाचत नाही.

घरच्या गोष्टी तो मोकळेपणानं सांगतो. वडिलांचं पूर्ण नाव, जात, धर्म, लग्न झालंय की नाही, मुक्काम, पोस्ट, तालुका. छंद वाचन आणि क्रिकेट. कामाचं विचारलं की मान खाली. "आयटीआय फिटर, अनुभव 1 वर्ष." बस. आपल्या तोंडानं आपली टिमकी वाजवू नये, हे घरातून आलेलं वळण आहे. चांगलं वळण आहे ते, पण इथं पोराच्या पोटावर येतं.

कारण तो ज्या दारात जातो तिथली गरज वेगळी. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून बिलेट ओततात आणि बिलेट लाटून सळया काढतात. एक बेअरिंग जाम झालं तरी मिल उभी राहते. मेंटेनन्सच्या साहेबाला पोराची जात घेऊन काय करायचंय? त्याला हवं असतं ते एवढंच, की याच्या हातानं काय काय झालंय.

अशाच एका पोराला समोर बसवून मी त्या 1 वर्षात नेमकं काय केलं ते विचारत गेलो. आधी "काही नाही, हेल्परच होतो." मग हळूहळू निघालं: पंपाची बेअरिंगं बदलली होती, मोटार आणि पंपाचं कपलिंग डायल गेज लावून सरळ केलं होतं, रात्रपाळीत ग्रीसिंगची वही सांभाळली होती. या तीन ओळी पानावर सगळ्यात वर गेल्या. धर्म आणि छंद काढले, पान सुटसुटीत झालं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

बायोडाट्याला सगळ्यात जास्त लाज वाटते ती मधल्या रिकाम्या वर्षांची. 2012-13च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. कितीकांनी टँकरचं विकत पाणी घालून झाडं जगवली. त्या वर्षी कॉलेज सुटून बागेत राबलेल्या पोराच्या बायोडाट्यात तिथं नुसती फट दिसते. ही फट मला फार खुपते. ठिबकच्या नळ्या साफ ठेवणं, कोणत्या झाडाला किती पाणी पोचतं ते बघणं, हेही कामच की! बियाणं कंपनीत फील्डवरच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यानं तर ते वर्षासकट लिहावंच.

बियाण्याची तर जालना ही पेठच. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथंच महिको ही बियाणं कंपनी उभी केली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित कपाशीचं बी प्लॉटवर हातानं तयार होतं. संध्याकाळी कळी उघडून, आतल्या अंडाशयाला धक्का न लावता तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचे पराग तिच्या कुक्षीवर लावायचे. बोट जरा जड पडलं की बोंड धरत नाही. हे काम बहुतेक बायाच करतात.

त्यांतल्या कितीजणींची पोरं त्या काउंटरपाशी उभी असतात. आईचा व्यवसाय काय, असं दुकानदार विचारतो. पोरगा म्हणतो, "घरकाम टाका."